चाळीस खोल्यांची टाकी आणि आमचा ब्लॉग

ब्लॉग काढायची कल्पना माझी. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात "ही कल्पना कोणाची?" असा प्रश्न दोन-तीनदा निघाला आणि दर वेळी सगळ्यांच्या माना माझ्याकडेच वळल्या. सगळ्यांच्या म्हणजे दोघींच्या.

आम्ही एका फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरची मराठी मदतपानं लिहितो. पत्र कसं करायचं, तक्ता कसा आखायचा, छापायचं कसं, हे पायरीपायरीने सांगणारी पानं. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने प्यायचा. ग्रुपवर म्हणाल तर माणसं बरीच, "छान उपक्रम" म्हणून हात जोडणारी. शनिवारी दुपारी प्रत्यक्ष येऊन बसणारी तीन.

पहिला मी. दादरला एका ऑफिसात नोकरी, राहायला परळ, आणि अंगात स्वस्थपणा नावालाही नाही. आई म्हणते, तुला पाटावर बसवलं की पाट जेवायच्या आधी दारापर्यंत जातो.

दुसरी माझी कॉलेजातली मैत्रीण. परळच्याच एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात आहे. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावते, त्यामुळे आमच्या मराठीचं तिला काही वाटत नाही. ती संपादक. तिचे वडील वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीवर, म्हणून विहाराच्या अभ्यासिकेतलं कोपऱ्यातलं एक टेबल आम्हाला शनिवारपुरतं मिळालं होतं. अट एकच, आवाज करायचा नाही. बाकीच्या टेबलांवर स्पर्धा परीक्षावाले बसलेले असतात आणि त्यांच्या नजरेत आम्ही म्हणजे सरकारी नोकरी लागायचं वय उलटून गेलेली माणसं.

तिसऱ्या काकी. भोईवाड्यात राहणाऱ्या, कोर्टात टायपिस्ट म्हणून अख्खी नोकरी करून निवृत्त झालेल्या. बोटं अशी चालायची की शेजारी बसणाऱ्याला आपलीच जबानी उतरवली जातेय असं वाटावं. पण कोर्टात त्यांनी टाइप केलं ते टाइपच केलं. याद्या, तक्ते, मेनू यांच्याशी गाठ पडली नाही. आणि नेमक्या म्हणूनच त्या आमच्या तपासनीस होत्या.

कारण आमच्या कामाचा एक नियम आहे. पान लिहून झालं की ते काकींसमोर ठेवायचं. काकी वाचणार आणि लिहिलंय तेवढंच करणार, जास्त नाही, कमी नाही. लिहिणाऱ्याने शेजारी तोंडावर बोट ठेवून बसायचं. "अहो ते नाही, त्याच्या खालचं" असं म्हणायची चोरी. आणि काकी अडल्या, भलतीकडे गेल्या, तर चूक पानाची. नेहमी पानाचीच. हा नियम मैत्रिणीने केला आणि पहिल्या दिवशी मीच सगळ्यांत जोरात मान डोलावली होती.

तर ब्लॉग. नवी आवृत्ती यायची होती, महिन्याभरात पानं तपासून द्यायची होती आणि हात सहाच. मी म्हटलं, आपण काय करतो ते लोकांना कळलंच नाही तर येतील कसे? ब्लॉग काढू.

मैत्रीण म्हणाली, "तुझी दोन पानं बाकी आहेत. ती लिही."

"ती होतीलच गं. पण लोकांपर्यंत पोचायला नको?"

"तू स्वतः वेळेवर पोच आधी," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की टाकायच्या आधी मला दाखव. मी हो म्हटलं. मला हो म्हणायला फार वेळ लागत नाही.

पुढचे पंधरा दिवस मी ब्लॉगचा रंग निवडला. निळा फार बँकेसारखा, हिरवा फार आयुर्वेदिक. वरच्या पट्टीत काय घालावं म्हणून चाळीचा फोटो टाकला, काढला, कीबोर्डचा टाकला. स्वागताची पोस्ट पाच वेळा लिहिली आणि पाचही वेळा ती गणेशोत्सव मंडळाच्या अहवालासारखी झाली: सर्वांचे सहकार्य, सर्वांचे आभार. शेवटी तीच टाकली. मग सुरू झाला खरा त्रास. किती जणांनी पाहिलं, हा आकडा दिसायचा. ऑफिसात फाईल उघडली की आकडा, लिफ्टमध्ये आकडा, न्हाव्याकडे खुर्चीत मान वाकवलेली असताना चादरीखाली आकडा. पहिल्या आठवड्यात अकरा. त्यातला फोनवरचा मी, ऑफिसातला मी, आणि आईच्या फोनवरूनही मीच.

दुसरी पोस्ट "आमची कार्यपद्धती". तिला मीसुद्धा दुसऱ्यांदा गेलो नाही.

अशा अवस्थेत तो शनिवार आला. त्या दिवशी माझं पान तपासायचं होतं: एकच पत्र अनेक जणांना, प्रत्येकाच्या नावानिशी कसं पाठवायचं. काकी खूश होत्या. त्यांच्या चाळीत गच्चीवरच्या टाकीची सफाई होणार होती, दोन दिवस पाणी बंद, आणि चाळीस खोल्यांना तशी सूचना द्यायचं काम नेहमीप्रमाणे त्यांच्या गळ्यात पडलं होतं. म्हणाल्या, "खोटं पत्र कशाला? हेच करूया की."

मी तोंडावर बोट ठेवलं. पायरी पहिली, मीच लिहिलेली: "ज्यांना पत्र पाठवायचे आहे त्यांच्या नावांची यादी तयार करा."

काकींनी पर्समधून वही काढली. मधली घडी उघडून समास आखला. आणि सुवाच्य अक्षरात, आडनाव आधी, खोली क्रमांकाच्या क्रमाने, त्या नावं लिहू लागल्या. बेचाळीस मिनिटं. मधेच दोन खोल्या भाड्याने गेल्यात की काय हे विचारायला बाहेर जाऊन सुनेला फोन करून आल्या. मी बोट ओठांवर दाबून दाबून पांढरं केलं. खुर्ची करकरायला लागली तशी समोरच्या टेबलावरच्या मुलीने वर बघितलं आणि मी पाय दुमडून बसलो. मैत्रीण माझ्याकडे न बघता कागदावर काहीतरी टिपत होती.

पायरी दुसरी: "आता ही यादी निवडा." काकींनी वही हातात घेतली, पडद्याकडे बघितलं, वही पडद्याच्या शेजारी उभी करून ठेवली आणि थांबल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. यादी कुठे करायची तेच मी लिहिलं नव्हतं. मैत्रिणीने तेवढं सांगून गाडी पुढे ढकलली. काकींनी चाळीस नावं नव्याने टाइप केली, ती मात्र सात मिनिटांत. आणि सातव्या पायरीत मी "छापा" असं लिहिलेलं असल्यामुळे त्यांनी छापलं. अभ्यासिकेच्या कोपऱ्यातला प्रिंटर जागा झाला आणि चाळीस पत्रं बाहेर पडली. चाळीसही पत्रं पहिल्या खोलीतल्या गृहस्थांना. पुढच्या नावावर जायची पायरी पानात नव्हतीच. त्या एका गृहस्थांना टाकी साफ होणार असल्याचं चाळीस वेळा कळवून प्रिंटर थांबला, तेव्हा अख्खी अभ्यासिका आमच्याकडे बघत होती.

काकींनी गठ्ठा उचलला, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाठकोरे आहेत. कामाला येतील."

मला हसू आवरेना, आणि तिथे तर हसायची सोय नाही. ते हसू मी तसंच पोटात धरून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका दमात लिहून काढलं. चहा गार झाला. वही पडद्याशेजारी उभी राहिली ती जागा, सुनेला केलेला फोन, त्या गृहस्थांना आलेली चाळीस पत्रं, सगळं. "काकींनी संगणकाला वहीने चीतपट केलं," असं एक वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं की मी ते उठून आईला वाचून दाखवलं. आई हसली. नाव कुणाचंच घातलं नव्हतं. फक्त "भोईवाड्यात राहणाऱ्या, कोर्टातल्या निवृत्त टायपिस्ट काकी" असं लिहिलं. जणू भोईवाड्यात दर मजल्यावर अशा चार असतात.

मैत्रिणीला दाखवायचं राहिलं. राहिलं म्हणजे, दाखवलं तर ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

दुपारपर्यंत आकडा शंभराच्या वर. संध्याकाळी कोणीतरी कुठल्या तरी ग्रुपवर टाकलं आणि तो पळतच सुटला. "हसून हसून पोट दुखलं." "आमची आत्या अगदी अश्शीच." सोमवारी ऑफिसात मी तीन वेळा पाणी प्यायला उठलो, तिन्ही वेळा पाणी न पिता फोन बघून आलो. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "काय रे, पोराचा रिझल्ट आहे का?" मला पोर नाही.

मंगळवारी ग्रुपवर एक बारीक करडी ओळ आली. काकी ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या.

लगेच मैत्रिणीचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

"पान कोणी लिहिलं होतं?"

"मी."

"यादी कुठे करायची ते कोणी नाही लिहिलं?"

"मीच. अगं पण ते विनोदाने..."

"मग हसायचं कोणावर होतं?"

मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता पोस्ट उडवतो. ती म्हणाली, "काही उडवू नकोस. आधी त्यांना जाऊन भेट. त्यांना विचार. आणि हे बघ, त्या नाही आल्या तर पानं तशीच राहतील, ते एक. पण ते मी सांभाळीन. त्या का येतात शनिवारी, हे तू कधी विचारलंस त्यांना?"

नव्हतं विचारलं. दोन वर्षांत एकदाही.

ऑफिस सुटल्यावर दादरहून भोईवाड्याला चालत गेलो. वाटेत मनात माफीची वाक्यं जुळवत होतो, प्रत्येक सिग्नलला आधीचं वाक्य खोटं वाटत होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून अर्धा किलो पेढे घेतले. कोर्ट ओलांडलं, देवळापाशी चपला काढून परत घातल्या, आत गेलोच नाही. चाळीच्या जिन्यात दोनदा थांबलो. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसलेल्या दोघी बायका एकमेकींकडे बघून गप्प झाल्या, तेव्हा कळलं की पोस्ट माझ्या आधीच इथे येऊन पोचली आहे.

काकींनी दार उघडलं. हातातल्या बॉक्सकडे बघितलं.

"कोण पास झालं?"

"काकी, ते..."

"ये. चपला बाहेर काढ."

सुनेने चहा ठेवला. मी खुर्चीच्या काठावर. मला शांतता तीस सेकंदांच्या वर सोसत नाही, म्हणून मी सुरू झालो: तुमच्याबद्दल आदरच आहे, लोकांना आपुलकी वाटली, नाव तर कुठेच नव्हतं.

"मेल्या," काकी म्हणाल्या. एरवी त्या माझ्याशी शुद्ध कोर्टातलं मराठी बोलत. "माका हसतंस तां हसतंस, वर आदर म्हणतंस?"

सून आतल्या आत हसली की चमकली, कळलं नाही. ट्रे ठेवताना ती एवढंच म्हणाली, "आई आम्हाला सांगायच्या, मी तपासायला जाते. तिथल्या पोरांनी लिहिलेलं मी पास केल्याशिवाय पुढे जात नाही. शनिवारी दुपारी यांना कोणी घरकाम सांगत नव्हतं. आता सगळे म्हणतात, अगंबाई, म्हणजे तुम्ही तिथे शिकायला जाता होय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. काकी घरी जे सांगत होत्या ते शब्दन् शब्द खरं होतं. त्या तपासायलाच येत होत्या. खोटं मी लिहिलं होतं, आणि तेही छान लिहिलं होतं.

"मी काढून टाकतो ते," मी म्हटलं. "आत्ता, तुमच्यासमोर." फोन काढलासुद्धा.

"ठेव तो." काकी उठल्या, कपाटावरून कागद घेतले. माझी पोस्ट, छापलेली. मुलाने ऑफिसातून आणून दिली होती. त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा. "कोर्टात आम्ही खाडाखोड करायचो नाही. पुसलेलं दिसलं की साहेब कागद तोंडावर फेकायचे. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं. बाजूला सही. म्हणजे आधी काय होतं, कोणी बदललं, सगळं समोर. तू पुसलंस तर लोक म्हणतील, काकी रडली म्हणून काढलं."

नऊ ठिकाणी रेघ होती. "काकी गोंधळल्या" वर रेघ, बाजूला टिपण: "यादी कुठे करायची ते पानात नाही." "काकींनी फोन लावला" वर रेघ नव्हती, तिथे लिहिलं होतं, "हे खरं आहे. राहू दे." माझ्या लाडक्या चीतपटवाल्या वाक्यावर मात्र रेघ इतकी सरळ होती की पट्टी लावून मारलेली असावी. टिपण: "पायरी १ अपुरी."

"एवढं कर," त्या म्हणाल्या. "सही तुझी. नावानिशी नको, 'लिहिणारा' म्हण."

"आणि शनिवारी याल ना?"

"बघते." पेढ्यांचा बॉक्स त्यांनी उघडला नाही, पण परतही केला नाही. दोन्हीपैकी काय समजायचं या विचारात मी जिना उतरताना एक पायरी चुकलो.

आता ब्लॉगवर शब्दांवर आडवी रेघ कशी मारायची, हे मला येत नव्हतं. त्या ब्लॉगवाल्यांचं मदतपान उघडलं. त्यात लिहिलं होतं, "योग्य तो पर्याय निवडा." कुठला पर्याय, कुठे, काही नाही. मी दोन तास त्यांना शिव्या घातल्या आणि शिव्या घालताना आपलं पान कोणी कोणी उघडलं असेल याचा विचार टाळत राहिलो. शेवटी मैत्रिणीने फोनवर सांगितलं. या वेळी टाकायच्या आधी तिला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "हां." तिचं "हां" म्हणजे मोठं प्रशस्तिपत्र असतं, पण तेव्हा तेही पुरेना.

नऊ रेघा, नऊ दुरुस्त्या, नऊ वेळा "लिहिणारा". आकडा कोसळला. एकाने खाली लिहिलं, "आधीचं जास्त मजेदार होतं." खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. दिवसभर त्या माणसाला उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग काहीच उत्तर दिलं नाही.

शुक्रवारपर्यंत काकी ग्रुपवर आल्या नाहीत. मी फोन केला नाही; मैत्रिणीने बजावलं होतं, मागे लागू नकोस. शनिवारी मी अभ्यासिकेत अर्धा तास आधी. पान नव्याने लिहिलं होतं, यादी कुठे करायची ते सांगितलेलं, पुढच्या नावावर जायची पायरी घातलेली. ते चार वेळा वाचलं. दाराशी चप्पल वाजली की मान वर. एक परीक्षावाला, दुसरा परीक्षावाला, विहाराचा पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस. अडीच वाजले. मैत्रीण म्हणाली, "बस ना रे एका जागी." मी म्हटलं, बसलोच आहे. ती म्हणाली, खुर्ची बसलीये, तू नाही.

पावणेतीनला काकी आल्या. एकट्या नव्हत्या. मागे एक ठेंगणी, पदर खोचलेली बाई, अभ्यासिकेतल्या पोरांकडे बिचकून बघत.

"ही माझ्या शेजारच्या खोलीतली," काकी दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुझी गोष्ट गॅलरीत मोठ्याने हिनेच वाचून दाखवली. सगळ्यात जास्त हीच हसली."

बाई ओशाळली. "अगो, मी आपली..."

"मला आता यादी, पत्र, सगळं येतंय," काकी मैत्रिणीला म्हणाल्या. "मी बसून उपयोग नाही. मला पुढचं आपोआप दिसतं. हिला काही येत नाही. हिला बसवा."

मैत्रिणीने खुर्ची ओढून दिली. बाई बसली, चष्मा लावला, मी पान समोर ठेवलं. काकींनी आपली खुर्ची माझ्या शेजारी, लिहिणाऱ्यांच्या बाजूला घेतली आणि वही उघडली.

शेजारणीने पहिली पायरी वाचली, केली. दुसरी वाचली: "आता यादीची फाईल जतन करा." आणि हात मांडीवर घेऊन बसली. पडद्याकडे बघते, कागदाकडे बघते, आमच्याकडे बघते. एक मिनिट. दीड. माझ्या जिभेच्या टोकावर होतं ते. काकींनी माझ्याकडे न बघता वही माझ्यापुढे सरकवली. टोकदार, सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती: "पायरी २. फाईल कुठल्या नावाने ठेवायची ते सांगितलेले नाही."

मी पानाकडे बघितलं. नव्हतंच सांगितलेलं.